खाडीपलीकडे अडकलेलं रीळ

भुतांना मी भीत नाही, भुतांचा मला राग येतो. परवाचीच गोष्ट. आमच्या घरी, म्हणजे मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या धाकट्या मुलाच्या घरी, नात सोफ्यावर उशी कवटाळून मुळुमुळू रडत बसली होती. समोर टीव्हीवर एक फिकट तोंडाचा पोरगा एका चांगल्या धडधाकट पोरीच्या खिडकीत उभा. मेलेला, म्हणे, कधीचाच. मी विचारलं, "मेलाय तर ह्याचे केस रोज कोण विंचरतं?" नात म्हणाली, "दादी, प्लीज! यू आर सो अनरोमँटिक." आहे बाई. लहानपणापासून आहे. पण मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून दमून आलेल्या तिच्या बापानंही हसून तिचीच री ओढली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, ह्यांना काय ठाऊक? भुताच्या एका सिनेमानं आमच्या घराचा कसा जीव काढला होता, ते आता मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार?

तेव्हा ह्या देशाला आजचं नाव नव्हतं. आम्ही दुबईत, खाडीच्या देरा बाजूला राहायचो. अब्बांचं रत्नागिरीच्या गलबतांवरून येणाऱ्या मालाचं दुकान होतं: नारळ, काथ्याचे दोर, सोलं, उकडे तांदूळ. आई गावीच वारली, म्हणून अब्बांनी आम्हां दोघी बहिणींना आणि त्यांच्या विधवा बहिणीला, आमच्या फुफूला, इकडे आणलं. घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या, पुढे झावळ्यांच्या कुडाचं अंगण. गोडं पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं, गाढववाल्याची हाळी ऐकली की मी हंडे घेऊन धावायचे. सकाळी बाजारातून सुरमई नाहीतर बांगडे यायचे. फुफू तांदळाच्या भाकऱ्या थापायची त्याचा पट्पट् आवाज, खाडीवरच्या इंजिनांचा फट्फट् आवाज आणि दिवसभर कुडातून शिट्ट्या घालणारा वारा, ह्या तीन आवाजांत आमचं घर वसलेलं होतं. घरात आम्ही आमची कोकणी बोलायचो. मी गावच्या शाळेत मराठी सातवीपर्यंत शिकले, म्हणून इथे लिहिताना ती जरा झाडून-पुसून लिहिते आहे.

माझी मोठी बहीण राबिया, तिला मी आपा म्हणायचे. तिचं लग्न गावीच इब्राहिमभाईंशी झालेलं. इब्राहिमभाई खलाशी. लग्नाची मेंदी पुरती उतरलीही नव्हती तेव्हा ते मस्कतच्या वाटेवर गलबतासकट गेले. वादळ झालं एवढंच कळलं. ना फळी मिळाली, ना माणूस. आपा इकडे आली ती पेटीत त्यांची एक निळ्या चौकड्यांची लुंगी घेऊन. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सकाळी ती लुंगी ती धुवायची आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घालायची. संध्याकाळी घडी करून पुन्हा पेटीत. का, म्हणून कुणी विचारायचं नाही. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाली, "आला तर अंगावर काही कोरडं नको का?" मी मनात म्हटलं, समुद्रातून माणूस येतो तो लुंगी बदलायला?

अशी चार वर्षं गेली. मग काझीसाहेबांनी अब्बांना सांगितलं की शरियतप्रमाणे वाट बघायची मुदत संपली, इद्दतही, म्हणजे विधवेनं पाळायचे दिवसही, झाले, आता मुलीचा दुसरा निकाह करायला हरकत नाही. आणि नशिबानं स्थळही चालून आलं. दाऊदभाई शिंपी, मूळचे श्रीवर्धनकडचे, खाडीपलीकडे बर दुबईत त्यांचं मशीन होतं. उंच, किडकिडीत माणूस, बोलताना नजर खाली. अब्बांचे सदरे शिवायचं निमित्त काढून ते आमच्याकडे यायचे आणि दोरीवरच्या लुंगीखालून वाकून आत यायचे, तिला हात न लावता. त्यांना रास अल खैमात दुकान मिळालं होतं. पुढच्या जुम्म्यानंतर ते लाँचनं कायमचे तिकडे जाणार होते, आणि त्याआधी हो की नाही ते त्यांना हवं होतं. आपा नाही म्हणत नव्हती. आमच्याकडे मुलगी नाही म्हणत नाही म्हणजे अर्ध्या वाटेवर आलेली असते. अब्बांनी फुफूला सांगितलं, "पोरीला जरा बाहेर ने. तिचं मन रमव."

फुफूला मन रमवायचा एकच मार्ग ठाऊक होता, सिनेमा. देऱ्यात तेव्हा उघड्यावरचं थिएटर होतं. चार भिंती, वर आभाळ, खाली रेती, रेतीवर बाकं, आणि बायकांसाठी कनातीमागे वेगळी जागा. आता सिनेमाची मुंबईहून यायची पेटी एकच, आणि थिएटरं दोन: एक आमच्या काठाला, एक पलीकडच्या. मग करायचे काय, तर पलीकडे सिनेमा आधी सुरू करायचे. तिकडचं एक रीळ संपलं की ते पत्र्याच्या डब्यात घालून अब्र्यातून, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीतून, इकडे पाठवायचे. तोवर आमच्याकडे आधीचं रीळ चाललेलं असायचं. होडी उशिरा आली की पडदा पांढरा. मग पुरुष शिट्ट्या मारायचे, बायका शेंगदाणे सोलायच्या, आणि दारावरचा माणूस ओरडायचा, "आया, आया! रील आया!" ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. आम्ही हिरोचा निम्मा जीव पाहायचो, मग होडीची वाट, मग उरलेला निम्मा.

त्या आठवड्यात आलेल्या भुताच्या सिनेमानं गावभर नुसता धुमाकूळ घातला होता. पाहून आलेली बाई डोळे सुजवूनच यायची. गोष्ट अशी: मोठी हवेली, तिथला धनी, त्याची लाडकी तळ्यात बुडून मरते. पुढे हा तिच्या आठवणीत झुरतो आणि दर थोड्या वेळानं धुक्यातून ती पांढरी साडी नेसून गात येते. केस ओले, पदरातून पाणी ठिबकतंय. फुफू पहिल्या गाण्यापासूनच पदराला नाक पुसायला लागली. मी मात्र पडद्याच्या खालच्या कडेला बघत होते. "फुफू," मी म्हटलं, "हिचे पाय सरळ आहेत." आमच्या कोकणात हडळीचे पाय उलटे, हे शेंबडं पोरही सांगेल. फुफू फिस्कारली, "सिनेमातलं भूत आहे गो ते, त्याचे पाय कोण बघतं?" "मी बघते. आणि इतकी भिजली तर काजळ कसं फिसकटत नाही? मी सांगते, दर वेळी दाराआड कुणीतरी हिच्यावर बादली ओततंय." मागच्या बाकावरच्या बाईनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "तुझ्या तोंडाची टकळी बंद कर, नाहीतर उठून जा!" आजूबाजूच्या साऱ्याजणी गळा काढत होत्या आणि मला एकटीला आपलं उकडत होतं, चावत होतं, बाक टोचत होतं. ह्या बायका कशासाठी रडताहेत तेच मला कळेना. मग मी आपाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. पापणीसुद्धा न लवता बघत होती.

पडद्यावर हवेलीत लग्न निघालं. हिरोला घरचे बळेच दुसऱ्या मुलीशी लग्नाला उभा करतात. मांडव, सनई, नवरी समोर, आणि तेवढ्यात दारात ती. पांढरी साडी, ओली. काही बोलत नाही, नुसती बघते. पायाखाली पाण्याचं थारोळं. हिरोच्या हातातला हार गळून पडतो, आणि पडदा पांढरा.

रीळ संपलं होतं. आम्ही शेंगदाणे काढले. पण त्या संध्याकाळी शमाल सुटला होता, उत्तरेचा वारा. कनात फडफडायला लागली, डोळ्यांत रेती जायला लागली. बराच वेळ गेला. शेवटी थिएटरचा माणूस पडद्यापुढे येऊन म्हणाला, "अब्रा बंद है, दरिया खराब है. आखरी रील उधर अटक गया. खलास, घर जाओ!" पुरुषांनी बाकं आपटली. फुफू त्याला शिव्या घालत उठली. आपा तशीच बसून राहिली, पांढऱ्या पडद्याकडे बघत. मी तिला दंडाला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी खाता खाता ती अब्बांना म्हणाली, "मला निकाह नको."

अब्बांनी घास खाली ठेवला. "का गं? माणूस बरा नाही?"

"माणूस बरा आहे. पण मी निकाहाला बसले आणि तो दारात येऊन उभा राहिला तर?"

तीन दिवस शमाल चालला आणि तीन दिवस आमच्या घरात कुणाला सुख म्हणून नव्हतं. रेती भातात, रेती अंथरुणात, रेती दातांत. कुडाच्या झावळ्या करकरत होत्या, आपा अंगणातून खोलीत आणि खोलीतून अंगणात येरझारा घालत होती. माठ पाझरून खाली थेंब पडला तरी दचकून बघायची. फुफू तिच्या उशाशी बसून कुराणाच्या आयता पढून फुंकर घालायची आणि वर म्हणायची, "मेलेल्याची रूह असते बाबा. तडफडत असते." मला वाटे, ह्या बाईच्या तोंडाला कुलूप घालावं. अब्बा दुकानातून तीनदा घरी यायचे, दारातून आपाकडे बघायचे आणि परत जायचे. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी आपाला म्हटलं, "बुडालेला माणूस बुडाला, आपा! ती बाई तर नटी आहे. तिला भिजवायला माणूस ठेवलाय!" आपानं शांतपणे विचारलं, "तू पाहिलंस?" "काय?" "तो बुडाला ते." मी रेतीनं भरलेलं अंथरूण झटकायला घेतलं. "बघ," ती म्हणाली, आणि पुन्हा येरझारा सुरू.

मग मी हट्टालाच पेटले. शेवटच्या रिळात काय आहे ते कुणाला विचारून चालणार नव्हतं. सांगून आपाला पटलं नसतं. डोळ्यांनी चढलेलं भूत डोळ्यांनीच उतरायला हवं होतं. वारा पडल्याबरोबर बातमी आली, रिळं पुन्हा पलीकडे गेली, आज तिकडे शेवटचा खेळ, उद्या पेटी बहरैनच्या बोटीवर. मी फुफूला गाठलं. "शेवट न बघता मेलीस तर तुझी रूह तडफडेल हो." फुफूनं बुरखा चढवलाच. आपा येईना. मी तिच्यापुढे बसकण मारली. "भूत खरं निघालं तर मी पुन्हा कधी ह्या विषयावर तोंड उघडणार नाही. दाऊदभाईंना नाही म्हणून मीच कळवीन. पण बघायला चल." आपा उठली, खुंटीवरचा बुरखा घेतला. मग म्हणाली, "चल."

आणि काय सांगू! माझा शब्दन् शब्द खरा ठरला. लग्नाच्या मांडवात हिरोचा जुना नोकर पुढे येतो, त्या बाईचा हात धरतो आणि सगळं ओकतो. ती बुडालेलीच नसते. कोळ्यांनी तिला वाचवलेलं असतं, पण हिरोच्या दुष्ट काकानं इस्टेटीसाठी तिला धमकावून लपवलेलं असतं आणि हिरोला वेड लागावं म्हणून तोच तिला धुक्यात फिरवत असतो. आणि बादली! शप्पथ, बादली होती! कोपऱ्यात नोकरापाशी पितळेची बादली स्वच्छ दाखवली. मी उभीच राहिले. "बघ, बघ, सांगितलं नव्हतं?" पडद्यावर दोघांची गळाभेट झाली, पुरुषांच्या बाजूनं टाळ्या-शिट्ट्या, फुफू आनंदानं ढसाढसा. दिवे लागताच मी आपाचं तोंड बघायला वळले. एवढी जिंकलेली मी आयुष्यात पुन्हा कधी नव्हते.

परतताना अब्र्यात आम्ही कडेला बसलो. पाणी अगदी निवांत होतं. आपा म्हणाली, "म्हणजे ती जिवंत होती."

"होती! भूतबीत काही नाही!"

"भूत असतं तर बरं झालं असतं गं, जुलू. भूत म्हणजे निदान मेलेलं तरी असतं."

फुफू अजून नटीच्या दागिन्यांबद्दल बोलत होती, आणि मला कळलं की मी काय करून बसले. भूत उतरवायला गेले आणि जिवंत माणूस आणून तिच्या मानगुटीवर बसवला. कोळ्यांनी वाचवलेला, कुठेतरी कुणीतरी लपवलेला. आता तर ती मरेपर्यंत लुंगी धूत बसणार. आज मला कुणी विचारलं की तू सिनेमाला नावं का ठेवतेस, तर मी हेच सांगते: सिनेमातलं भूत घर सोडून जातं, पण सिनेमातली आशा जात नाही. नात म्हणते, "दॅट्स सो निगेटिव्ह." असू दे.

पुढचे दोन दिवस आपा कुणाशी बोलली नाही. येरझाराही थांबल्या, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. जुम्मेरातीला, गुरुवारी, अब्बा म्हणाले, "दाऊदला उद्या काय सांगू? पोरीवर जबरदस्ती मी करणार नाही." ते म्हातारे होत चालले होते, आणि त्यांच्यामागे आपाचं कोण, हा एकच घोर त्यांना खात होता.

आपा अंगणात बसून बांगडे साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. "अब्बा," ती म्हणाली, "ती बाई जिवंत होती. हवेलीच्या आवारातच होती. दर रात्री त्याला दिसायची, गाणी म्हणायची. मग गाण्याऐवजी एकदा, 'मी आहे' एवढं सांगायला हिचं काय जात होतं? त्यानं रडून रडून डोळे घालवले आणि ही धुक्यात फिरतेय! आणि लोक टाळ्या वाजवतात." तिनं बांगड्याचं डोकं असं कापलं की मी दचकले. "तो मेला असेल तर अल्लाह त्याला जन्नत देवो, तो यायचा नाही. आणि जिवंत असेल, तर चार वर्षांत रत्नागिरीच्या किती गलबतांनी आपल्या दारात नारळ उतरवले? एकाच्याही हाती त्याला निरोप धाडता आला नाही? मग असा जिवंत मला काय करायचाय?" कोपरानं डोळे पुसत ती म्हणाली, "दाऊदभाईंना उद्या यायला सांगा."

अब्बा तिच्या शेजारी खाली, मातीत, माशांच्या खवल्यांत बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून रडले. मीसुद्धा रडले. सिनेमात न रडलेली मी बांगड्यांपुढे बसून रडले, फुफूनं तेवढ्यात टोमणा मारून घेतलाच.

जुम्म्याच्या सकाळी घरात नुसती धांदल. फुफूनं सांदणं वाफवायला ठेवली होती, मी आपाच्या हाताला मेंदी लावून बसले होते, अब्बा काझीसाहेबांना आणायला गेले होते. आणि अंगणात पाहते तर दोरीवर ती निळ्या चौकड्यांची लुंगी! आपानं मेंदीआधी, पहाटेच धुतली होती. फुफूच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आजच्या दिवशी हे काय अवलक्षण? काढ ती." मी उठले, पण आपानं मेंदीचा हात वर करून मला थांबवलं. तिच्या मनात काय आहे ते मला कळेना, आणि मला पुन्हा धाकधूक व्हायला लागली.

जुम्म्याच्या नमाजनंतर पाहुणे आले. वारा पुन्हा उठला होता. दाऊदभाईंनी स्वतःच्या हातानं स्वतःचा सूट शिवला होता, राखाडी, काय सुंदर शिवलेला! पण धक्क्यावर उतरताना लाट आली आणि नवरदेव कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात गेले. अंगणात येऊन उभे राहिले तर विजारीतून पाणी गळतंय, बुटांतून पाणी गळतंय, पायांखाली थारोळं. दारात. ओले. फुफूनं तोंडावर हात ठेवला. काझीसाहेबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, ते म्हणाले, "अरे, यल्ला, कोरडं काही द्या ह्याला नेसायला!" अब्बांची पेटी आतल्या खोलीत, त्या खोलीत नवरी. आत जायची ती फुफू, घाबरून नुसतीच इकडे-तिकडे करायला लागली.

तेव्हा पडद्याआडून आपाचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "फुफू, दोरीवरची दे. धुतलेली आहे."

ती लुंगी कुणाची, हे काझीसाहेब सोडले तर अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दाऊदभाईंना तर होतंच, इतके दिवस ते तिच्याखालून वाकून येत-जात होते. ते दोरीपाशी गेले. हात पुढे केला, पुन्हा मागे घेतला. मग नजर खाली ठेवूनच पडद्याच्या दिशेनं म्हणाले, "चालेल?"

आतून आपा म्हणाली, "चालेल. तुमच्यासाठीच वाळत घातली होती म्हणा."

त्यांनी ती दोन्ही हातांनी उतरवली. नंतर साक्षीदार आत जाऊन आपाला रीतीप्रमाणे तीनदा विचारून आले, आणि तिनं तीनदा कबूल म्हटलं. निकाह लागला तेव्हा दाऊदभाईंच्या अंगात वर सुटाचा कोट होता आणि खाली इब्राहिमभाईंची लुंगी.